गिअरबॉक्सखाली तोच गिअरबॉक्स

चाकणच्या आमच्या कंपनीत मशीनचे पार्ट स्क्रीनवर झाडासारखे दिसतात. मोठ्या पार्टखाली त्याचे सुटे भाग. त्यासाठी पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं, स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारं फंक्शन सारखं क्रॅश व्हायचं. शेवटी ते काढून मी साधा लूप लावला.

आज साहेबांसमोर चालवलं. क्रॅश झालं नाही, पण थांबेचना. गिअरबॉक्सखाली तोच गिअरबॉक्स, त्याखाली परत तोच.

स्टोअरचा संतोष शांतपणे म्हणाला, "रीवर्कला, म्हणजे दुरुस्तीला परत आलेला पार्ट आम्ही कॉम्प्युटरात त्याच्याच नंबराखाली टाकतो राव. नव्या नंबराला सही लागते."

"आधी का नाही बोललास?"

"तू कुठं विचारलंस?"

जुना कोड निदान पडून तरी सांगत होता, की घोळ पार्टच्या यादीतच आहे. रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारा माणूस माझी मरमर बघत गप्प बसला. आता भरवसा कुणावर ठेवायचा, तुम्हीच सांगा.