बँकॉकातली वेळ अमावस्या

त्या वर्षी वेळ अमावस्येला मी बँकॉकात होतो. पाठीवर सॅक अडकवून जग बघायला निघालेल्यांची तिथं एक गल्ली आहे, त्या गल्लीत. घरी सांगितलं होतं की सुट्टी मंजूर झाली नाही, हैदराबादेत कामात अडकलोय. सुट्टी चांगली नऊ दिवसांची होती आणि पगारी होती.

आमच्या लातूरकडं त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही. सगळे शेतात जातात, कडब्याच्या खोपीत पूजा होते आणि मग भाज्या-दाण्यांची पातळ भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. खोपीपुढं किती पंगती उठल्या, यावर त्या घराची पत ठरते. आमचं शेत चाकूरजवळ. पाहुणे जमवायचं काम माझं; दरवर्षी लातूरहून दोन गाड्या भरून मित्र नेत असे. दादा, म्हणजे माझे वडील, आठ दिवस आधीपासून फोनवर विचारत, "किती जन येनार हायत?" मला त्याच पंगतीचा आणि पंगतीत हमखास निघणाऱ्या माझ्या लग्नाच्या विषयाचा वीट आला होता. खरं कारण एवढंच.

गल्ली दिवेलागणीलाच रंगात आली होती. दोन्ही बाजूंची गाणी मधोमध एकमेकांत घुसत होती. एक बाई ताटात तळलेले विंचू घेऊन फिरत होती आणि लोक विंचू न घेता फोटो घेत होते. फुटपाथवर खुर्च्या टाकून परक्यांचे पाय चोळून देत होते. देवणीच्या बाजारात जनावरं बघत फिरावं तसा मी हात मागं बांधून फिरलो. मजा यावी म्हणून आलो होतो. ती काही येत नव्हती.

शेवटी एका टेबलाशी बसलो. भात, मासा आणि बिअर मागवली. शेजारी चार गोरी पोरं मेन्यूवरचे भाव बघत बसली होती. त्यातल्या एकाची नजर माझ्या ताटावर गेली. आमच्याकडं समोर माणूस असताना "या जेवायला" म्हटल्याशिवाय घास उचलत नाहीत. समोरच्यानं "बसा, होऊ द्या" म्हणायचं आणि तोंड फिरवायचं, हे दोघांनाही ठाऊक असतं. मी सवयीनं ते इंग्रजीत म्हणालो, वर हातही केला.

तो उठला. चौघंही खुर्च्या ओढत माझ्या टेबलाला आले. आता बोलावलंय म्हटल्यावर काय करणार? मी आणखी भात मागवला.

तेवढ्यात दादांचा व्हिडिओ कॉल आला. बाटली टेबलाखाली सारून मी उचलला. पलीकडं अंधारत आलेलं शेत, खोप आणि दादांचं अर्धं कपाळ.

"कोन हायत रं ते?"

"पाव्हने. जेवायला बोलावलं."

पोरांनी हात हलवले. दादांनी त्यांना फोनवरूनच नमस्कार केला.

"लई बरं केलास. सनाचं एकट्यानं जेवू न्हाई." मग म्हणाले, "हितं यंदा कुनीच आलं न्हाई. तू न्हाईस म्हनल्यावर कोन येतंय? मी अन् तुझी आई, दोगंच. पातेलंभर भज्जी तशीच हाय."

मला लाज वाटली. वाईट वाटणं वेगळं, ही लाजच होती.

"दादा, मी हैदराबादला न्हाई. बँकॉकला आलोय. फिरायला."

मला वाटलं, आता पैशावरून बोलतील, परदेशावरून बोलतील. त्याला द्यायची उत्तरं माझ्याकडं तयार होती.

"म्हंजी सुट्टी मिळाली व्हती," दादा म्हणाले.

"हाव."

"बरं. पाव्हने थांबलेत बघ तुझे. जेवा."

आई मागून फोन मागत होती. तिच्याकडं न देताच त्यांनी तो बंद केला.