लांडग्यांसाठी शिवलेल्या चिंध्या

इस्त्रीकाका पेशाने शिंपी, पण नुसतं शिंपी म्हटलं तर त्यांचा अपमान होईल. त्यांच्या हातचा कोट उलटा करून घातला तरी चारचौघांत खपून जावा, इतकं त्यांचं आतलं काम नेटकं. कडा दुमडून, बारीक टाक्यांनी शिवून, खळ देऊन कडक इस्त्री केल्याशिवाय त्यांच्या दुकानातून काही बाहेर पडत नसे. एकदा एका गिऱ्हाइकाने फरशी पुसायला म्हणून जुना टॉवेल कापायला दिला, तर काकांनी त्या फडक्यालाही चारी बाजूंनी दुमड घातली. बायको म्हणायची, "यांना झोपेतसुद्धा सुरकुत्या दिसतात." खरं नाव तिला तरी आठवत असेल की नाही, शंकाच आहे.

कपड्यांखालोखाल त्यांचा जीव कशात असेल, तर मासे धरण्यात. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन ते टेकडीखालच्या ओढ्यावर जाऊन बसत. मधली कैक वर्षं त्या ओढ्याची रया गेली होती. हरणं माजली होती. काठावर उगवेल ते कोवळं झाड ती ओरबाडून खात, त्यामुळे सावली नाही, मुळं नाहीत, काठ ढासळतोय आणि पाणी गढूळ. काका तासन्‌तास बसत आणि रिकाम्या हाताने घरी येत. मग डोंगरापलीकडून लांडग्यांची एक जोडी आली आणि तिथंच ठाण मांडून राहिली. हरणं थोडी कमी झाली, आणि उरली ती एका जागी निवांत उभं राहायचं विसरली. दोनचार वर्षांत काठावर माणसाच्या उंचीची झाडं झाली, त्यांच्या सावलीत पाणी निवळलं आणि मासे परत आले. सगळं श्रेय लांडग्यांचं नाही, पाऊसही बरा झाला होता, असं वनखात्याच्या बाई म्हणायच्या. काका मात्र सगळं श्रेय लांडग्यांना देऊन मोकळे झाले होते.

गंमत एवढीच, की त्याच टेकडीवर काकांच्या थोरल्या बहिणीच्या मेंढ्या होत्या.

ताईचं पोट त्या मेंढ्यांवर. नवरा गेल्यापासून एकटीने कळप सांभाळलेली बाई, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. पहिली मेंढी गेली तेव्हा ती गप्प बसली. दुसरी गेली तेव्हा थेट दुकानात येऊन स्टुलावर बसली.

"तुझ्या लाडक्यांनी आणखी एक नेली," ती म्हणाली.

"माझे कसले लाडके?"

"मग काय माझे? तुला तुझे मासे दिसतात रे, माझी मेंढी दिसत नाही. आता आणखी एक गेली ना, तर शिकाऱ्याला बोलावणार. वनखात्याची परवानगी आहे मला."

ताईचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. लहानपणी याच ताईने काकांना कडेवर घेऊन फिरवलं होतं. आता तिचं नुकसान करून आपण मासे खातोय, हे त्यांना आतल्या आत टोचत होतं. लांडगे मारले जावेत असंही वाटत नव्हतं, कारण त्या जोडीला नुकतीच पिल्लं झाली होती.

ते तडक वनखात्याच्या बाईंकडे गेले. बाई तरुण, हसतमुख, चिखलाचे बूट घालूनच ऑफिसात बसणाऱ्या. त्या म्हणाल्या, "एक जुना उपाय आहे. मेंढवाड्याभोवती दोरी बांधायची आणि तिला लाल कापडाच्या पट्ट्या लावायच्या, अगदी जवळजवळ. लांडगा भयंकर संशयी. फडफडणारी अनोळखी वस्तू दिसली की तो ओलांडत नाही. कायमचं नाही हं, महिनादोन महिन्यांत त्याला सवय होते. पण तोवर कोकरं मोठी होतील."

"शिवून देतो," काका म्हणाले.

"शिवायचं काही नाही काका, नुसत्या टराटरा फाडा आणि बांधा."

टराटरा हा शब्द काकांना लागला. घरी येऊन बायकोला म्हणाले, "टराटरा फाडायचं असतं तर शिंपी कशाला हवा?" मग त्यांनी चांगल्यातलं लाल कापड काढलं, पट्ट्या मोजून कापल्या, प्रत्येकीला दुहेरी दुमड घातली, खळ दिली आणि एकेक पट्टी इस्त्रीखालून काढली. मेंढवाड्याभोवती त्या टांगल्या तेव्हा वाऱ्यालासुद्धा त्यांना हात लावायचा धीर होईना. कवायतीच्या मुलांसारख्या सगळ्या ओळीत ताठ उभ्या. ताईनेही मान डोलावली आणि काका खुशीत घरी परतले.

दोन दिवसांनी सकाळी ताईचा फोन आला. ती ओरडली नाही, तेव्हाच काय ते ओळखून काकांनी टेकडी गाठली.

मेंढवाड्याजवळच्या ओल्या मातीत लांडग्याचे पंजे स्पष्ट उमटले होते. ताठ पट्ट्यांखालून तो आरामात आत आला होता आणि त्याच वाटेने मेंढी घेऊन गेला होता.

"रविवारी सकाळी शिकारी येतोय," ताई म्हणाली. "पिल्लांचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण माझ्या मेंढ्यांचंही कुणाला तरी वाईट वाटायला हवं."

पंजे पाहायला आलेल्या वनखात्याच्या बाईंनी पट्टी बोटांत धरून वाकवून पाहिली. ती वाकली नाही. बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. "काका, फारच सुंदर काम आहे हो. म्हणूनच हलत नाही."

काकांनी एकवार सगळ्या ओळीवरून नजर फिरवली आणि ताईकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. मला फाडायला सांगितलं होतं, मी माझंच घोडं दामटलं. रविवारपर्यंत वेळ दे."

"शिकारी येणारच," ताई म्हणाली. "तोवर तुला काय करायचं ते कर."

त्या दिवशी दुकानात जे चाललं ते पाहून शेजारचा घड्याळजी आत आला आणि म्हणाला, "काका, तब्येत बरी आहे ना?" काका खुर्चीत बसून स्वतःच घातलेले टाके उसवत होते. एकेक टाका निघताना चेहरा असा करत होते, की जणू कुणी त्यांचेच दात काढतंय. बायको बादलीत पट्ट्या धुऊन खळ काढत होती आणि मनापासून खूश होती. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या हातून काहीतरी बिघडतंय," ती म्हणाली, "मला हे बघू द्या नीट." कडांचे दोरे ओढून काढायला ती त्यांच्यापेक्षा तरबेज निघाली. एक पट्टी तिरकी फाटली तेव्हा काकांनी ती सरळ करायला कात्री उचलली, तर तिने कात्रीच काढून घेतली.

संध्याकाळपर्यंत पट्ट्या पुन्हा दोरीवर गेल्या. आता त्या नावालाच पट्ट्या होत्या. लोंबणाऱ्या, विस्कटलेल्या, दोरे सुटलेल्या नुसत्या चिंध्या. जराशा झुळकीने अख्खी ओळ फडफडायला लागली आणि सगळ्यात आधी मेंढ्याच घाबरून वाड्याच्या मधोमध गोळा झाल्या.

"लांडग्यांचं राहू दे, माझ्या मेंढ्यांचं दूध आटवणार तू," ताई म्हणाली. पण दोरीच्या गाठी तिनेच ओढून पक्क्या केल्या.

रविवारी उजाडता उजाडता काका टेकडी चढून गेले. झोप लागलीच नव्हती. ताई आधीच मेंढवाड्याबाहेर उकिडवी बसून मातीकडे पाहत होती.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

ताईने नुसतं बोट दाखवलं. पंजे वरच्या कड्याकडून उतरून थेट दोरीपर्यंत आले होते. तिथं थांबले होते. मग दोरीला धरून साऱ्या मेंढवाड्याला वळसा घालून गेले होते, फाटकापाशी एका जागी माती दबली होती, म्हणजे स्वारी बसून विचार करत होती. त्यानंतर पंजे रानाकडे वळले होते, हरणांच्या वाटेने. आत मेंढ्या सगळ्याच्या सगळ्या रवंथ करत होत्या.

थोड्या वेळाने शिकारी बंदूक खांद्याला अडकवून धापा टाकत वर आला. ताईने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "यंदा तुमचं काम नाही. या चिंध्यांचा परिणाम असेपर्यंत कोकरं मोठी होतील आणि पक्का गोठाही बांधून होईल, मग रात्री सगळी आत घालीन. पुढचं पुढे."

"मग मी एवढा चढून आलो कशाला?"

"चहाला," ताई म्हणाली. शिकाऱ्याने चहा संपवला, ओळीकडे पाहून मान हलवली आणि उतरायला लागला.

तो दिसेनासा झाल्यावर काकांना एकदम भरून आलं. पिल्लं वाचली होती, मेंढ्या वाचल्या होत्या आणि ताईसमोर उभं राहायची लाज गेली होती. ते दोरीजवळ जाऊन उभे राहिले. समोरच्या चिंधीचा एक लांबलचक दोरा वाऱ्यावर लोंबत होता. काकांचा हात आपोआप तिकडे गेला.

ताईने तो हात वरच्या वर पकडला. "राहू दे ना रे तसाच," ती म्हणाली. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा तिने तो घट्ट धरला होता, आणि खाली रानात कुठेतरी पिल्लांचा बारीक आवाज येत राहिला तोवर तिने काही तो सोडला नाही.