आबांची दुरेघी वही

"बाबा, एक ओळ लिहून दाखवा," डॉक्टर म्हणाले. आबांनी लिहिली. सुरुवातीची अक्षरं बरी होती, शेवटची मुंगीएवढी. "अक्षर कधीपासून बारीक झालं?" डॉक्टरांनी मला विचारलं. मला आठवड्यागणिक माहीत होतं. पुरावा माझ्या पिशवीतच होता.

आबा म्हणजे माझे वडील, परभणीकडच्या चुडावा गावचे निवृत्त हायस्कूल शिक्षक. विज्ञान शिकवायचे. त्यांच्या वर्गात मीही होते. शाळेत 'सर' म्हणायचं, घरी 'आबा', आणि बोलणी दोन्हीकडे खायची. त्यांचं फळ्यावरचं अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यायचं. निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या बुद्धविहाराबाहेरचा फळा हाती घेतला. रोज सकाळी पेपरातल्या चार बातम्या त्यावर लिहायचे. ज्यांच्याकडे पेपर येत नाही ते तिथं उभं राहून वाचायचे.

मग लोक म्हणायला लागले, "सर, काय लिवलंय ते दिसंना की."

मी मानवतजवळच्या एका शाळेत पहिलीला शिकवते. शनिवारी घरी आले की तो फळा बघून माझं डोकं फिरायचं. वाटलं, आबांचं लक्ष उडालंय. मी दुरेघी वही आणली. पहिलीची पोरं दोन रेघांत अक्षर बसवायला शिकतात, ती. म्हटलं, "रोज एक पान." त्यांनी मुकाट्यानं लिहिलं. शनिवारी मी लाल पेनानं तपासायचे. 'अक्षर सुधारा.' 'आळस नको.' जन्मदात्या बापाला हे लिहिलं मी. सुरुवात गमतीत केली होती, पण तिसऱ्या आठवड्यात गंमत उरली नव्हती.

"हात ऐकंना गं," ते एकदा म्हणाले.

"बहाणे नकोत, आबा," मी म्हणाले.

शेवटी अक्षर लागेनासंच झालं, तेव्हा मी त्यांना परभणीला दाखवायला नेलं, वही बरोबर घेतली. डॉक्टरांनी ती चाळली. पानापानाला अक्षर लहान होत गेलेलं. "ही वही फार कामाची आहे," ते म्हणाले. पानं उलटताना लाल शेरेही वाचत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

आजाराचं नाव पार्किन्सन्स. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, हालचाली मंदावतात. अक्षर बारीक होत जाणं हे त्याचं एक लक्षण, त्याला मायक्रोग्राफिया म्हणतात. आबांना शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, चालताना उजवा हात हलायचा नाही. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. तुमच्या घरात असं काही दिसलं, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. आणि रागवायच्या आधी न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरकडे, न्या.

परतताना परभणी स्टेशनच्या बाकावर मी माफी मागितली. रडलेच.

"रडू नको. मीबी अक्षरापायी पोरायच्या हातावर लय छड्या मारल्या," आबा म्हणाले. "हात दुखायलाय का, एकालाबी इचारलं न्हाई."

गोळ्यांनी पुढची तीन वर्षं बरी गेली. शनिवार-रविवारी फळा मी लिहायचे, आबा खुर्चीत बसून बातम्या सांगायचे. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, फुप्फुसांत जंतुसंसर्ग. त्यातून ते उठले नाहीत. त्यांनी मला माफ केलं होतं, हे मला माहीत आहे. मला अजून ते जमलेलं नाही. वही कपाटात आहे. लाल शेऱ्यांची पानं फाडून टाकावीत असं कितीदा वाटलं, पण तेवढंच त्यांचं अक्षर उरलंय.

परवा वर्गात एका मुलीची सगळी अक्षरं रेघेबाहेर गेली होती. मी लाल पेन उघडलं. मग टोपण लावून तिच्या शेजारी खाली बसले.

"आधी हात दाखव, बाळा," मी म्हणाले.