कुरमाघरातला भूगोल

चंद्रपूरहून सकाळच्या एसटीने निघाले, तेव्हा गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कानात नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक सरांचं वाक्य घुमत होतं: "बायका कुठून कुठे जातात, हा काय भूगोलात पीएच.डी.चा विषय झाला? या खेपेला काही हाती लागलं नाही, तर मुकाट्याने भातपीक हा विषय घ्या."

मूल, सावली मागे पडली. वैनगंगा ओलांडली. धानोऱ्याच्या पुढे एसटी पंक्चर झाली आणि उरलेली वाट मी मोहफुलांच्या वासात चालत गाठली.

गावपाटलांकडे उतरले. माणूस भला, ताटात गरम भात आणि आंबाडीची भाजी. पण त्यांच्या बायकोला, मैनाबाईंना, काहीही विचारलं की उत्तर पाटीलच देत. सरपणाची वाट त्यांनीच सांगितली, "नाक्याकून जातेत". बाळंतपण कुठे झालं, तेही त्यांनीच सांगितलं. मी मनातल्या मनात चरफडत होते. भातपीक जवळ येत चाललं होतं.

अशात माझी पाळी आली. मैनाबाई हळूच म्हणाल्या, "मंग बाई, आता घरात नाई चालत. कुरम्यात जा लागते." कुरमा (पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची झोपडी) गावाच्या कडेला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नाही म्हणायचं तर गाव सोडावं लागलं असतं. गेले.

आत जैनी नावाची बाई बसली होती. हसून म्हणाली, "तू बी आली? बस. इथी कोनी नाई बोलत मधात."

मी सरपणाचं विचारलं.

"नाक्याकून नाई जात आमी. जंगलाचा गार्ड बसून राह्यते तिथी. डोंगरीमागून जातो, फेरा पडला तं पडला."

"पाटील तर म्हणाले, नाक्याकडून जाता."

"त्याले काय मालूम? तो कधी गेला सरपनाले?"

त्या मुक्कामात जैनीने आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांनी मला अख्खं गाव नव्याने दाखवलं. कुरम्याचे गोडवे मी गाणार नाही. दाराला कडी नव्हती आणि तिथे एकीला विंचू चावल्याचं जैनीनेच सांगितलं होतं. तरी मी आनंदात होते, हे खरं.

नागपूरला सरांनी मी काढलेला बायकांच्या वाटांचा नकाशा बराच वेळ पाहिला. "ही माहिती पाटलांच्या घरी मिळाली?"

"नाही, कुरमाघरात."

"तिथे तुम्ही कशाला गेलात?"

'भेट दिली' असं सांगायचं मी एसटीतच ठरवलं होतं. पण जैनी आठवली.

"मला पाळी आली होती, सर."

सर नकाशा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मग तसंच लिहा. माहिती कुठे मिळाली, हे लिहायलाच हवं."

भातपिकाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आता माझ्या विद्यार्थिनी गावांकडे निघतात, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगते: पाटलांकडे जेवा, पण बायका आपल्याआपल्यात कुठे बसतात, ते आधी शोधा.