आखाजीला भरलेलं तळं

३० एप्रिल २०२५, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. रक्कम शहाण्णव हजार रुपये, शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिक कागदाची. काठावर हजर चौघं: माय, मोठा भाऊ, वहिनी आणि मी.

पैसे माझे होते. मुलीच्या कॉलेजची आणि होस्टेलची फी म्हणून ठेवलेली मुदत ठेव मोडून मी ते दिले होते. फी ब्याऐंशी हजार, शेवटची तारीख बारा जुलै. त्या प्लास्टिक कागदासाठी सरकारी अनुदान पंच्याहत्तर हजारांपर्यंत मिळणार होतं. उरलेले सात हजार पगारातून घालायचे, असा हिशेब करून मी जळगावहून एरंडोलच्या बाजूला, आमच्या गावच्या शेतात आलो होतो.

तळ्यात कंबरभर पाणी होतं. काळ्या कागदावर ते इतकं स्वच्छ दिसत होतं की मलाही बरं वाटलं. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. घरात नवं भांडं आलं असेल तर तेही त्या दिवशी रिकामं ठेवत नाहीत. माय म्हणाली होती, तळं म्हणजे भांडंच की. तिच्या मनात एक हंडा ओतायचा होता. भाऊने चार दिवस विहिरीची मोटार चालवली. विहिरीला दिवसाकाठी दोन-अडीच तास पाणी, ते सगळं तळ्यात. मेअखेर ठिबकवर कपाशी लावायची, तेव्हा कामाला येईल, असा त्याचा विचार.

दोन मेला मोजमापाला कृषी सहायक आले. मोटारसायकल लावली, टेप काढला आणि काठावरच थांबले. बिचारे चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, की फोटोत तळाचा कागद दिसला पाहिजे आणि खोली टेप तळाला टेकवून मोजायची असते. मी विचारलं, पाण्यात काठी घालून नाही का चालणार? ते म्हणाले, "साहेब, मला चालेल. मोबाइलला चालत नाही." दहा तारखेपर्यंत फोटो चढला नाही तर प्रकरण पुढच्या वर्षात जाणार होतं. आठ तारखेला पुन्हा येतो म्हणाले आणि चहा न घेता गेले.

मी भाऊला म्हणालो, पाणी उपसायला आजच इंजिन लावू. तो बांधावर बसून राहिला. "वैशाखमा भरेल तळं कोन खाली करस रे?" तो म्हणाला. त्याचंही खरं होतं. पाणीटंचाई होऊ नये म्हणून मिळणारा पैसा हवा, तर हातातलं पाणी टाकून द्या, हे त्याच्या डोक्यात बसेना. मला मात्र बारा जुलै दिसत होता.

जळगावला परतलो, पण कामात लक्ष लागेना. दिवसातून तीनदा भाऊला फोन. तो म्हणे, बघू. सहा तारखेला मी रजा टाकली आणि पुन्हा गावी गेलो. पाणी तसंच होतं, उन्हाने चार बोटं उतरलेलं.

सोडायचं तरी कुठे? आमचं रान मोकळं, नांगरलेलं. बांधापलीकडे शेजारच्या आबांची केळी, बोअर आटल्यामुळे पानं चिरत चाललेली. पण बांधाच्या वादावरून भाऊ आणि आबा सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी मायच उठली आणि बांधावर जाऊन आबांना हाक मारली. आबा आले, तळ्याकडे पाहिलं, भाऊकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "हाई बठ्ठं पानी मना वावरमा? काबरं? इख टाकेल शे का त्यामा?"

सगळं पाणी देताय म्हणजे त्यात विष टाकलंय का, हे ऐकून भाऊने मान फिरवली, पण हसू दाबताना त्याचा गाल हललेला मला दिसला. आबांनी खिशात हात घातला, पाण्याचे किती म्हणून. माय म्हणाली, "पितरसले देयेल पानी शे. इकानं नही." पितरांना दिलेलं पाणी विकायचं नसतं, हे आबांनी मानलं. मग म्हणाले, "डिझेल काही पितरसनं नही." तेवढं मायनेही मानलं.

भाड्याचं इंजिन दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अधूनमधून चाललं. पाइप आमच्या बाजूने भाऊने धरला, पलीकडून आबांनी. तळाशी उरलेलं पाणी वहिनीने आणि मी बादल्यांनी काढलं, कागदाला चीर जाऊ नये म्हणून अनवाणी. आठ तारखेला सहायक आले, भाऊला कोरड्या तळात उभं करून फोटो काढला आणि मोजमाप घेतलं. एका बाजूला खोली दीड फूट कमी भरली. खोदताना तिथे मुरूम लागला होता.

मग जून. अनुदान आलं नाही. रोज सकाळी भाऊला विचारायचं, मेसेज आला का. मुलीला काही सांगितलं नव्हतं. ती खोलीत कोण मैत्रीण घ्यायची ते ठरवत होती. पाऊस पडला, तळं आपोआप भरलं, भाऊ खूश. मी पतपेढीतून कर्जाचा अर्ज आणून ठेवला.

नऊ जुलैला रक्कम आली, भाऊच्या खात्यात. खोली कमी म्हणून कापून अडुसष्ट हजार चारशे. ते त्याने त्याच दिवशी माझ्या मुलीच्या कॉलेजच्या खात्यात भरले. उरलेले तेरा हजार सहाशे मी अकरा जुलैला भरले, त्यातले सहा हजार पगाराची उचल घेऊन. इंजिनवाल्याला भाड्याचे पाचशे भाऊने दिले, डिझेलचे सहाशे चाळीस आबांनी.