कोरड्या जमिनीतलं तळं

काम नसताना सरकारी कचेरीत जाणारे आणि तिथून प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर पडणारे गृहस्थ साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच झाले, आणि ते नेमके माझ्या वाट्याला आले. उटनूरच्या एका गुरुजींचे हे चिरंजीव. सरकारचा कारभार संगणकात गेल्यावर माणसांचं काय होतं, यावर हैदराबादच्या विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ऑनलाइन अर्ज भरायच्या केंद्रात ते भिंतीकडच्या बाकावर तासन् तास बसत. हातातला चहा गार होई, त्यावर साय धरे, सर आपले समोरच्या पडद्याकडे चांदणं पाहावं तसे पाहत असत. सर्व्हर बंद पडला की रांगेतले लोक कपाळाला हात लावत. सरांचा चेहरा मात्र खुले. म्हणत, “आता पाहा भाऊ, लोकं एकमेकांशी बोलतीन.” आणि खरंच, लोक बोलू लागत.

आमची ओळख तिथंच झाली, माझ्या ओरडण्यामुळे. जुन्या ट्रॅक्टरांचे सुटे भाग विकून, भाड्याच्या दुकानात वीस जणांशी भांडून, मी जैनथच्या रस्त्याला जमिनीचा एक तुकडा घेतला होता. तिथं स्वतःचं दुकान बांधायचं होतं. परवानगी काढायला गेलो तर संगणकाच्या नकाशात माझ्या जमिनीवर चेरुवू! म्हणजे तळं. माझी जमीन, जिथं उन्हाळ्यात ढेकळं फुटतात, ती सरकारदरबारी निळीशार. मी केंद्रातल्या पोरीवर आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, “काका, स्क्रीनवर तसंच हाय, मी काय करू?” माझी सारी कमाई घासाघिशीवर उभी आहे, पण या पडद्याशी घासाघीस कशी करायची? त्याला तोंडच नाही. तेवढ्यात बाकावरून सरांनी अगदी आस्थेनं विचारलं, “भाऊ, तळं किती खोल हाय?”

मी त्यांना मारलं कसं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी सर तळं पाहायला आले. आधी सरकारला दिसतं तसं पाहायचं, मग डोळ्यांना दिसतं तसं, ही म्हणे त्यांची अभ्यासाची पद्धत. चपला बांधावर काढून ठेवल्या आणि माझ्या जमिनीत पाय न टाकता कडेकडेनं पूर्ण वळसा घातला. मी ओरडलो, “सर, मधून या ना! काऊन फिरून राह्यले?” तर म्हणाले, “भिजीन ना, भाऊ.” त्यानंतर पावसाळा गेला, थंडी गेली, उन्हाळा आला; सर संध्याकाळी येतच राहिले. बांधावर बसून बोट दाखवायचे, “तिकडं बगळे बसत असतीन. इकडं बाया धुणं धुवत असतीन.” शेजारच्या रानात कापूस फुटलेला असे, काळ्या मातीवर वाफ थरथरत असे. एकदा तर मलाही पाण्याचा वास आला. मी लगेच सरांवरच खेकसलो. एवढी कचेरीतल्या साहेबांकडं ऊठबस, मग माझ्यासाठी एक शब्द का टाकत नाही? “भाऊ, मी पाहणारा माणूस. मधात पडलो तं पाह्यलेलं खोटं ठरते.” या वाक्याचा राग मी वर्षभर जपून ठेवला.

शेवटी साहेब म्हणाले, पंचनामा करू; जमीन बाराही महिने पाहिलेला, नात्यातला नसलेला पंच आणा. शेजाऱ्यांना मी वेळोवेळी चार खरे शब्द सुनावलेले. त्यामुळे एकही येईना. एकानं तर दारातूनच विचारलं, “तळ्याले पंच कशाले? मासोळ्या न्या ना!” पंचनाम्याच्या दिवशी मी एकटाच उभा होतो; सर नेहमीसारखे बांधावर बसलेले. साहेब परत जीपकडे वळले. तेव्हा सर बांधावरून उठले, सरळ माझ्या जमिनीच्या मधोमध चालत आले आणि म्हणाले, “मी पाह्यली हाय. बाराही महिने कोरडी.” आणि सही केली.

नकाशातलं तळं आटलं. दुकानाचा पाया खोदत असताना सर निरोप घ्यायला आले. मी विचारलं, “तुमच्या पुस्तकात माझं तळं येईन ना?”

“नाई. सही केली ना मी. विद्यापीठातले आमचे गाईड म्हणाले, ते प्रकरण काढून टाका.”

“मंग?”

“मंग काय, पुस्तक थोडं बारीक होईन.”

“सर, काय देऊ? बोला तं.”

ते नुसते हसले, खोदलेल्या मातीकडे बराच वेळ पाहत राहिले, मग बस आली.

समोरच्याला आधी किंमत बोलायला लावायची, यावर मी आयुष्यभर जिंकत आलो. हा माणूस बोललाच नाही. आता दुकान माझं आहे, भांडणंही चालू आहेत. पण एखादं गिऱ्हाईक काही न मागता नुसतंच उभं राहिलं, तर माझा आवाज आपोआप खाली येतो, आणि मी त्याला बसायला सांगतो.