दोन गावांचं शून्य

मी कॉलेजात बारावीला अर्थशास्त्र शिकवते. देशोदेशींच्या आरोग्यखर्चाचा धडा माझा फार आवडता. अमेरिका सगळ्यात जास्त पैसा ओतते, तरी जपानमध्ये तिच्यापेक्षा कमी बाळं दगावतात. श्रीलंका तर शेजारचीच, पण आपल्या कितीतरी पुढं! मोठ्या ऐटीत तक्ते काढायचे मी.

धाकटी बहीण गिरणा नदीकाठच्या गावात दिलेली. सातव्या महिन्यात सासूनं तिला आमच्याकडं, केळीच्या पट्ट्यात धाडलं. "पहिलं बाळतपण शे, बठ्ठ्या पोरी माहेरलेच जातस," म्हणाली. खरंच होतं, पहिल्या खेपेला सगळ्या पोरी माहेरीच, आमच्याकडंही तीच रीत. ओटीचं सामान, लुगडं, नारळ सगळं आलं. तपासणीचं कार्ड तेवढं सासरच्या कपाटात राहिलं. रक्तदाब वाढलाय, हे त्यावर लाल शाईनं लिहिलेलं होतं. ते आम्हाला कळलं फार उशिरा.

तिला उपकेंद्रात नेलं. नर्सबाईंनी वही चाळली. "ताई, हिचं नाव तिकडच्या यादीत आहे, तिकडचेच बघतील." तिकडं फोन लावला, तर म्हणे, "आता ती तुमच्याकडं आहे ना? मग तिथलेच बघतील." माझं टाळकंच सरकलं. अहो, पोटुशी बाई आहे का पार्सल? हाताला पट्टा बांधून रक्तदाब बघायला कुणाचं काय जात होतं?

बहिणीचे पाय सुजले. "अक्का, डोकं लई दुखतं गं," म्हणायची. आई म्हणाली, दिवस भरत आले की होतंच. आणि मी, लोका सांगे ब्रह्मज्ञान, मीही मान डोलावली. त्याचा राग आजही माझ्यावरच येतो.

नवव्यात तिला झटके आले. दवाखान्यात ती वाचली. मुलगा दोन दिवस जगला.

वर्षअखेरीला उपकेंद्राच्या फळ्यावर वाचलं, बालमृत्यू शून्य. बहिणीच्या सासरी विचारलं, तिथल्या फळ्यावरही शून्यच. दोन्ही गावांचं कौतुक झालं म्हणे. डोंबलाचं कौतुक! नर्सबाईंना विचारलं, "मग आमचा मुलगा कुठल्या गावात गेला?" त्या वही मिटून म्हणाल्या, "ताई, नाव तिकडचं होतं ना." तिकडचे म्हणाले, जन्म इकडचा.

परवा वर्गात पुन्हा तोच तक्ता काढला. दगावलेल्या बाळांच्या रकान्यात आपल्या देशाचा आकडा लिहिला आणि खडू तिथंच थांबला. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, चुकलाय का आकडा?"

"हो," मी म्हटलं. "एक कमी आहे."